इंग्रजीत तारीख लिहायची एक, बोलायची वेगळी

इंग्रजी शिकवताना तारखेसाठी मी हटकून एक अख्खा तास ठेवते. व्याकरण पक्कं असलेली मंडळीही बोलण्याच्या ओघात ‘फाइव्ह मार्च’ म्हणून जातात, कारण जिभेला ‘पाच मार्च’ची सवय असते. इंग्रजीत तिथे ‘पाचवा’ लागतो: ‘द फिफ्थ ऑफ मार्च’. कागदावर मात्र ‘5 मार्च 2024’ एवढंच लिहायचं. ‘द’ आणि ‘ऑफ’ फक्त तोंडाने म्हणायचे.

ही झाली ब्रिटिश पद्धत. अमेरिकेत महिना आधी येतो. लिहितात ‘मार्च 5, 2024’, म्हणतात ‘मार्च फिफ्थ’. त्यांच्याकडे वर्षाआधी स्वल्पविराम हवाच, ब्रिटिश पद्धतीत तो नको. दोन्हींची भेसळ करू नका.

खरा घोळ नुसत्या आकड्यांचा. 05/03/2024 म्हणजे लंडनमध्ये 5 मार्च आणि न्यूयॉर्कमध्ये 3 मे! 25/03 असेल तर प्रश्न नाही, पंचविसावा महिना नसतोच. पण दिवस बारापर्यंतचा असला की फसगत ठरलेली. हिशेब केला तर वर्षातल्या तब्बल 132 तारखा अशा दुहेरी वाचता येतात. व्हिसा, तिकीट, करार यांत ही जोखीम कशाला? महिना अक्षरांतच लिहा, यावर मी अडून बसते. संगणकातल्या फाइलींना मात्र 2024-03-05 असं नाव द्या. हा आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यामुळे फाइली आपोआप तारीखवार लागतात.

आकड्यामागे अक्षरं जोडायची असतील तर 21 ला एसटी, 22 ला एनडी, 23 ला आरडी. 11, 12, 13 ला मात्र टीएचच. ‘नाइन्थ’च्या स्पेलिंगमध्ये ‘नाइन’चा शेवटचा ई गळतो, ‘ट्वेल्फ्थ’मध्ये व्हीच्या जागी एफ येतो.

वर्ष दोन-दोन आकड्यांनी तोडून म्हणा: 1998 म्हणजे ‘नाइन्टीन नाइन्टी-एट’, 1905 म्हणजे ‘नाइन्टीन ओ फाइव्ह’. 2000 ते 2009 साठी ‘टू थाउजंड’ रुळलंय, 2024 ला ‘ट्वेन्टी ट्वेन्टी-फोर’.

आणि ‘इन’-‘ऑन’. नुसता महिना किंवा वर्ष असेल तर ‘इन’. ठरावीक दिवस आला की ‘ऑन’. ‘इन मार्च’, पण ‘ऑन द फिफ्थ ऑफ मार्च’. एरवी सकाळ ‘इन द मॉर्निंग’ असते, तारीख जोडली की तीही ‘ऑन द मॉर्निंग ऑफ द फिफ्थ’ होते.