काळ्या मातीत बागेतली रेल्वे बसवताना

बागेत मांडायच्या छोट्या मॉडेल रेल्वेचं नाव काढलं की जो तो आधी इंजिनाची चौकशी करतो. कोल्हापुरात आधी फावडं मारून माती बघावी. घर काळ्या मातीवर असेल तर ती पावसाळ्यात फुगते, एप्रिलमध्ये भेगाळते आणि वरचा रूळ वर-खाली होतो. गाडी घसरली की दोष चाकांना दिला जातो. बहुतेक वेळा तो खाली जमिनीत असतो.

माप ठरवायला फार डोकं लावू नका: रुळांमधलं अंतर 45 मिमी, स्केल 1:22.5, म्हणजे खऱ्या गाडीच्या साडेबावीसपट लहान. मीटर गेजला (रुळांमध्ये एक मीटर, म्हणजे 1000 मिमी अंतर) 22.5 ने भागलं की 44.4 मिमी येतात, म्हणजे हे माप मीटर गेजचंच. 1891 साली सुरू झालेली कोल्हापूर–मिरज लाईनही मीटर गेजच होती, त्यामुळे जुन्या स्टेशनचा देखावा करायचा असेल तर प्रमाण आपोआप जुळतं.

पहिला रूळ साधा लंबगोल असू द्या. 60 सेंमी त्रिज्येच्या वळणावर छोटं इंजिन वळतं, पण लांब डबे अडकतात आणि डब्यांमधले जोड (कपलिंग) सुटतात. त्रिज्या किमान 1.2 मीटर धरा. दोन्ही टोकांना अशी अर्धवर्तुळं आणि मध्ये 3-3 मीटरच्या सरळ बाजू घेतल्या तर साडेतेरा मीटर रूळ लागतो. चढ 100 ला 2, म्हणजे मीटरला 2 सेंमी, याहून जास्त नको. 4 पर्यंत इंजिन चढतं खरं, पण रिकामं.

आता पाया. चुन्याची फक्की टाकून आखून घ्या आणि त्या रेघेवर 30 सेंमी रुंद, 25 सेंमी खोल चर खणा. तळ धुम्मसाने ठोका. त्यावर वीड मॅट (तण रोखणारं कापड) अंथरून कडा वर वळवा, नाहीतर दोन पावसांत काळी माती खडीत मिसळते. मग 15 सेंमी मुरूम, तोही दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून ठोकायचा. वर 7 सेंमी बारीक खडी आणि शेवटी क्रशरची कच (दगडाची बारीक चुरी), जमिनीपासून निदान 5 सेंमी वर येईल इतकी. साडेतेरा मीटरला ठोकून बसणारा मुरूम 25 घनफूट (पाव ब्रास), खडी 10 ते 12 आणि कचही 11 ते 12 घनफूट लागते. काळ्या जमिनीला या चरातून पाणी बाहेर काढणारी वाट हवी. चराच्या सर्वांत खोल जागेवरून 2 इंची पाईप उताराकडे काढून द्या. ती नसेल तर चर म्हणजे लांबट हौदच. जांभ्याचे चिरे मिळाले तर कडेला लावा, कच वाहून जाणार नाही.

लेव्हल गवंड्याच्या पाण्याच्या नळीने घ्या, डोळ्याने नको. चराच्या लांबीने लेव्हल सगळेच बघतात. आडवी लेव्हल मात्र राहून जाते. एक रूळ दुसऱ्यापेक्षा 2 मिमी खाली असेल तर वळणावर डबा हमखास उतरतो. दर अर्ध्या मीटरवर दोन्ही रुळांवर छोटी स्पिरिट लेव्हल आडवी ठेवून पाहा.

रूळ सिमेंटमध्ये गाडू नका. पितळी रूळ 20 अंशांवर बसवला आणि उन्हात 60 अंशांपर्यंत तापला तर साडेतेरा मीटरमागे सुमारे 10 मिमी वाढतो. जागा नसेल तर तो बाजूला फुगतो. दीड मीटरचे तुकडे असतील तर प्रत्येक सांध्यात 1 मिमी फट ठेवा, आणि थंडीच्या पहाटे रूळ घट्ट भिडवून बसवू नका. एका जागी पक्का करून बाकी कचीवर मोकळा ठेवला की पुरे.

विजेचं काय? रुळातून वीज द्यायची तर 24 व्होल्टपर्यंत डीसी लागते. पण पितळ ओलाव्याने काळवंडतं, सांधे गंजतात आणि लांबच्या टोकाला इंजिन रेंगाळतं. म्हणून साध्या जोडपट्ट्यांवर विसंबू नका. स्क्रूचे क्लॅम्प लावा आणि दर 5 मीटरवर 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर नव्याने जोडा. अडॅप्टर घरातच ठेवा, बागेत 230 व्होल्ट नेऊ नका, आणि त्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. आमचं मत मात्र बॅटरीच्या बाजूने आहे. 18650 मापाचे चार लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये जोडले की 14.8 व्होल्ट मिळतात. 2500 मिलिअँपिअर-अवरचे सेल आणि एक अँपिअर ओढणारं इंजिन धरलं तर दोनेक तास गाडी चालते. मग रूळ घासत बसायला नको. बीएमएस (सेल जादा चार्ज होऊ न देणारं सर्किट) बसवल्याशिवाय चार्जरला लावू नका आणि इंजिन उन्हात सोडू नका.

गाडी घसरली तर एकच कसोटी लावा. प्रत्येक डबा त्याच जागी उतरतो? रूळ बघा. एकच डबा सगळीकडे उतरतो? त्याची चाकं बघा. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर सुमारे 40 मिमी असावं. प्लॅस्टिकची चाकं झिजली असतील तर उद्यमनगरात लेथवर पोलादाची करून घ्या, पण नमुना म्हणून झिजलेलं नव्हे, नवं चाक द्या.

पावसाळ्यात रूळ बाहेर राहू शकतो. इंजिन, डबे आणि पॉईंटच्या (गाडीचा मार्ग बदलणाऱ्या रुळाच्या) मोटरी घरात आणा, सेल निम्मे चार्ज करून ठेवा. लव्हाळा वीड मॅटही भोकसून वर येतो, तो गाठीसकट उपटा. रुळावर गोगलगाय चिरडली की चाक घसरतं, म्हणून सकाळी एकदा फडकं फिरवा. घुशीचं बीळ दिसलं तर तेवढाच भाग खणून खडीने भरा.

दसऱ्याच्या सुमारास खचलेल्या जागी कच भरून ठोका आणि आधी रिकामा डबा हाताने ढकलून पूर्ण फेरी मारा. खंडेनवमीला इंजिनाची पूजा करणार असाल तर हळद-कुंकू टपावर लावा, चाकांना नको. रुळातून वीज घेणारं इंजिन तेवढ्यानेही अडखळतं.