लिफ्ट घेण्याआधी ट्रॅक जमिनीवरून कधी सुटतो ते मोजा

लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटला की मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडच्या आपल्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: स्नोमोबिल, म्हणजे आपली स्लेड, दुरुस्तीसाठी उचलायला घरी लिफ्ट कुठली घेऊ? विचारायची वेळ बरोबर आहे. बर्फ पडायला लागल्यावर हवी ती वस्तू मिळत नाही आणि गारठलेल्या गॅरेजात नट-बोल्ट जुळवत बसणं जिवावर येतं. पण नुसती किंमत आणि लोकांचे तारे बघून ऑर्डर देऊ नका. मी मागच्या खेपेला वजनाची क्षमता तपासली, किंमत तपासली आणि मोकळा झालो. लिफ्ट आली, स्लेड वर गेली, पण ट्रॅक, म्हणजे खालचा फिरणारा रबरी पट्टा, जमिनीलाच टेकलेला राहिला. म्हणून सांगतो, आधी टेप हातात घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण दुकानदार हे सांगत नाही आणि जाहिरातीतही लिहिलेलं नसतं. मागचा बंपर धरून स्लेड उचलायला लागलं की आधी फक्त वरचा सांगाडा वर येतो. मागच्या सस्पेन्शनवरचा भार जसजसा हलका होतो, तसतसं ते उघडत जातं आणि ट्रॅक खालीच लोंबत राहतो. सस्पेन्शन पुरतं उघडलं की मगच ट्रॅक जमीन सोडतो. म्हणजे लिफ्टच्या उंचीतले सुरुवातीचे कितीतरी इंच नुसते सस्पेन्शन उघडण्यात जातात. डोंगराळ भागासाठीच्या लांब ट्रॅकच्या स्लेडना सस्पेन्शनचा प्रवास मोठा असतो, तिथे तर हे फारच जाणवतं. ‘१२ इंच उचलते’ असं खोक्यावर छापलेलं असतं ते खरंच असतं, पण ते बंपरखाली लागणाऱ्या लिफ्टच्या हुकाबद्दल असतं. तुमच्या ट्रॅकबद्दल ते काहीच सांगत नाही.

मोजायला तीन माणसं लागतात. स्लेडवरची बॅग, मागचं सामान, सगळं उतरवा. स्लेड सपाट जागेवर ठेवून बंपरच्या खालच्या कडेपर्यंतची उंची घ्या, हा पहिला आकडा. मग दोघांनी बंपरच्या दोन टोकांना धरून, गुडघ्यात वाकून, सावकाश उचलायचं. तिसऱ्याने जमिनीवर बसून ट्रॅकच्या मागच्या टोकाखाली एक पुठ्ठा धरून ठेवायचा आणि हलकेच ओढत राहायचं. पुठ्ठा अडकलेला असतो तोवर काही सांगायचं नाही. तो सळकन निसटला की ‘थांबा’ म्हणायचं आणि त्या क्षणी बंपर किती उंचीवर आहे ते टेपवर बघायचं. हा दुसरा आकडा, आणि हाच खरा. त्यात कामाला लागणारी मोकळी जागा म्हणून ३ ते ४ इंच मिळवा. समजा बंपर २० इंचांवर आहे आणि ट्रॅक २७ इंचांवर सुटतो, तर हुक खालच्या टोकाला २० इंचांच्या आत उतरला पाहिजे आणि वरच्या टोकाला ३१ इंचांपर्यंत पोचला पाहिजे. विकणाऱ्याला हे दोनच आकडे विचारा: हुक सर्वांत खाली किती, सर्वांत वर किती. ‘एकूण उचल किती’ हे ऐकून घेऊ नका, त्यातून काही कळत नाही. दोन आकडे सांगता येत नसतील तर दुसरीकडे बघा.

घरात दोन स्लेड असतील तर दोन्ही मोजा. १२९ इंची ट्रॅकच्या स्लेडला चालणारी लिफ्ट १५४ इंचीला पुरेल असं धरून चालू नका. दोन्हींचे बंपर वेगळे, सस्पेन्शन वेगळी, आणि ट्रॅक सुटण्याची उंचीही वेगळी.

आता काम काय करणार आहात ते ठरवा, कारण पैसे त्यावर ठरतात. घरी बहुतेकजण जे करतात ते असं: ट्रॅकचा ताण बघणं, ट्रॅक मधोमध चालतोय ना हे बघणं, ट्रॅक ज्यांवरून घसरतो त्या रुळांवरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे स्लाइड, बदलणं, ट्रॅकला आधार देणाऱ्या आयडलर चाकांचे बेअरिंग फिरवून बघणं, सस्पेन्शनच्या ग्रीस निपलांना ग्रीस गन लावणं. या सगळ्याला मागचा भाग वर आणि स्की जमिनीवर, एवढंच पुरतं. ताण मोजताना मॅन्युअलमध्ये दिलेलं ठरावीक वजन ट्रॅकच्या मधल्या भागाला टांगून स्लाइड आणि ट्रॅक यांच्यातली फट बघायची असते. ट्रॅक जमिनीला टेकलेला असेल तर हे मापच घेता येत नाही. पुन्हा तेच: ट्रॅक सुटायला हवा. मागचं पूर्ण सस्पेन्शन बाहेर काढायचं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा स्लेड बराच वेळ वर स्थिर राहायला हवी. इंजिन उतरवणार असाल तर तुम्हाला अख्खी स्लेड उचलणारं टेबल लागेल, आणि ते स्वस्तात बसत नाही.

घरच्या कामाला दांड्याची लिफ्ट उत्तम. बंपरखाली हुक, लांब दांडा खाली दाबला की मागचा भाग वर, आणि वर गेल्यावर दातेरी अडसर किंवा खीळ बसते. साधारण शंभर-दोनशे डॉलरांत बरी मिळते. तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. हातविंचची लिफ्ट थोडी महाग, पण सावकाश चढते आणि हवी तिथे थांबते. घरात एकटेच काम करणार असाल, किंवा पाठीचा त्रास असेल, तर तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजा. दांड्याच्या लिफ्टच्या सांध्यांमध्ये खेळ, म्हणजे ढिलेपणा, आला असेल तर दांडा दाबताना झटका बसतो.

मोटरसायकलचा कात्री जॅक स्वस्त असतो आणि मोह होतो. घेऊ नका. मोटरसायकलच्या पोटाखाली फ्रेम असते, स्लेडच्या पोटाखाली ट्रॅक असतो. पुढच्या बाजूला प्लास्टिकचं पॅन असतं, त्याखाली जॅक लावला तर ते फुटतं. लाकडाचे ठोकळे जुळवून तो बंपरखाली बसवणारे लोक आहेत, पण त्या रचनेत सगळं वजन एका ढिल्या ठोकळ्यावर येतं आणि तुमचा हात त्याच्या शेजारी असतो.

छताला पट्टा किंवा चेन अडकवून स्लेड टांगणं तर अजिबात नको. इकडच्या घरांच्या गॅरेजचे ट्रस, म्हणजे छताचे सांगाडे, बारीक लाकडाच्या पट्ट्यांचे आणि वर ठोकलेल्या पत्र्याच्या प्लेटांचे असतात. ते छताचा आणि बर्फाचा भार सांभाळायला बनवलेले असतात, खालच्या पट्टीच्या मध्यावर दोन-अडीचशे किलो लोंबकळवायला नाही. आणि तुम्ही ज्या महिन्यांत हे काम करता, त्याच महिन्यांत वर बर्फही साचलेला असतो. कुणी तरी सांगेल की ‘आम्ही दर वर्षी टांगतो.’ टांगू देत. इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय तुम्ही टांगू नका.

वजनाबद्दल थोडक्यात. माहितीपत्रकात कोरडं वजन असतं, म्हणजे पेट्रोल, तेल, कूलंट यांच्याशिवाय. पेट्रोल गॅलनला साधारण ६ पौंड. १०-१२ गॅलनची टाकी भरलेली असेल तर ६०-७० पौंड तिथेच वाढले. टनेलमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या पोकळीत, गोठलेला बर्फ वेगळा. मागचा भाग उचलताना सगळं वजन लिफ्टवर येत नाही हे खरं, पण क्षमता पूर्ण भरलेल्या वजनापेक्षा भरपूर जास्त असलेलीच घ्या. दोन माणसांच्या फोर-स्ट्रोक टूरिंग स्लेडवाल्यांनी इथे जास्त काळजी घ्यावी, त्या ६०० पौंडांच्या पुढे जातात.

कुलूप. लिफ्ट वर गेल्यावर तिला धरून ठेवणारी लोखंडी खीळ किंवा दातेरी अडसर हवाच. हायड्रॉलिक लिफ्ट घेतलीत तरी ती तेलाच्या दाबावर उभी ठेवून खाली हात घालायचा नाही. सील जुने झाले की ती हळूहळू बसते, आणि उणे वीस अंशांच्या गॅरेजात तेल घट्ट झालेलं असतं, सील कडक झालेले असतात. खीळ नसलेली हायड्रॉलिक लिफ्ट कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. खीळ असली तरी बाजूने जॅक-स्टँड द्या.

बंपरचा आकारही मोजा. हुकाच्या दोन टोकांमधलं अंतर, बंपरच्या नळीची जाडी, आणि मागचा बर्फ अडवणारा रबरी फ्लॅप हुकाच्या वाटेत येतो का. फ्लॅपचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तो हुकाखाली सापडला की दुमडतो, हुक पूर्ण बसत नाही आणि वर जाता जाता स्लेड सरकते. हुकावर रबराची नळी असेल तर रंग खरवडत नाही, नसेल तर पाण्याच्या पाइपाचा तुकडा चिरून चढवा. काही स्लेडना उचलायची जागा मॅन्युअलमध्ये नेमून दिलेली असते. ती वाचा.

आता फरशी. मिनेसोटातल्या बहुतेक गॅरेजची काँक्रीटची जमीन दरवाज्याकडे किंवा मधल्या जाळीकडे उतरती असते, वितळलेलं पाणी वाहून जावं म्हणून. त्या उतारावर चाकांची लिफ्ट घसरते, आणि जमीन ओली असेल तर आणखी. चाकांना ब्रेक हवेत, किंवा उचलल्यावर चाकं हवेत राहून पाय टेकतील अशी रचना हवी. आणि हे लक्षात ठेवा: दांडा दाबताना स्लेड सरळ वर जात नाही. स्कूटर मेन स्टँडवर घेताना ती जशी मागे सरकते, तशी इथे स्लेड थोडी सरकत वर जाते. म्हणून स्की चाकांच्या डॉलीवर ठेवून मागून उचलायचं नाही. डॉली पळते, लिफ्टचा हुक निसटतो. डॉली काढा, स्कीखाली प्लायवूडचा तुकडा ठेवा म्हणजे स्कीखालच्या कार्बाइडच्या कठीण पट्टीने जमीनही खरवडणार नाही, आणि स्की थोड्या घसरू शकतील.

उंची, उंची, उंची. इथवर वाचून कंटाळा आला असेल तर निदान तो दुसरा आकडा काढून मगच पुढे जा.

जुनी घ्यायची असेल तर नॉर्थ ब्रँचला लेबर डेनंतरच्या शनिवार-रविवारी भरणाऱ्या ‘हे डेज’ (Hay Days) या स्नोमोबिलच्या मेळाव्यातल्या स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजाराला, जा. तिथे जुन्या लिफ्टही असतात, आणि महत्त्वाचं म्हणजे हात लावून बघता येतात. सोबत टेप आणि तुमचे दोन आकडे घेऊन जा. हुक सर्वांत खाली आणून मोजा, सर्वांत वर नेऊन मोजा, तिथल्या तिथे. मग वेल्डिंगच्या कडा बघा. रंगाखाली केसासारखी गंजाची रेघ दिसली तर तो तडा असू शकतो. दांडा डावी-उजवीकडे हलवून खेळ किती आहे ते बघा. खीळ बसताना स्पष्ट ‘टक’ वाजली पाहिजे. खिळेच्या दात्यांची टोकं गोल झाली असतील तर नको. विकणारा ‘अजून एकदाही सुटली नाही’ म्हणाला तरी नकोच.

नवी आली की जोडून सगळे बोल्ट आवळा, पहिल्या उचलीनंतर पुन्हा आवळा. पहिली उचल रिकाम्या टाकीने, दुसरं माणूस बाजूला उभं ठेवून. ट्रॅकखालून तीन इंची लाकडाचा ठोकळा आरपार गेला पाहिजे. गेला नाही तर ठोकळे, विटा, लोखंडी तुकडे वगैरे घालून हुक उंच करायच्या फंदात पडू नका, वस्तू परत पाठवा. तोवर खोकं टाकू नका.

ट्रॅक शक्यतो हातानेच फिरवा. मधोमध चालतो का हे बघायला इंजिन चालवावंच लागलं तर गॅरेजचा दरवाजा पूर्ण उघडा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागे कुणीही उभं राहायचं नाही, मुलं तर गॅरेजमध्येच नकोत. ट्रॅकमध्ये अडकलेला खडा किंवा सुटलेला स्टड (पकडीसाठी ट्रॅकला लावलेला धातूचा खिळा) गोळीसारखा मागे येतो. स्टड लावलेले असतील तर याची दुप्पट काळजी. अगदी कमी वेगात, थोडाच वेळ: स्लाइडना बर्फाचं वंगण नसलं की त्या तापून वितळतात. ताण जुळवताना इंजिन बंद, किल्ली खिशात.

वसंतात स्लेड ठेवताना ट्रॅक जमिनीवरून वर ठेवायचा असेल तर खाली स्टँड द्या आणि लिफ्ट मोकळी करा. सांध्यांना ग्रीस, खिळेला तेलाचे दोन थेंब, दांडा काढून भिंतीला टांगा. त्या भिंतीवर खडूने तुमच्या स्लेडचे दोन आकडे लिहून ठेवा, पुढची स्लेड घ्याल तेव्हा लागतील.