तारण म्हणजे काय हो, भाऊ?

सातपूर एमआयडीसीत ३१ वर्षं लेथ चालवली. सुवार्ता, म्हणजे येशूची शुभवार्ता, सांगायला तिथेच शिकलो, तेही आधी तोंडावर आपटून.

बाजूच्या मशीनवर एक वारकरी अण्णा होते. नव्या उत्साहात मी डबा खाताना म्हणालो, "अण्णा, येशूमध्ये तारण आहे." मला म्हणायचं होतं पापातून सुटका. भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, "तारण? परवा बायकोची पाटली पतपेढीत ठेवली, तसलं?" सगळे हसले. मी वरमलो.

म्हणून आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पोरांना पहिलं हेच सांगतो: चर्चची भाषा चर्चमध्ये ठेवा. 'कोकऱ्याच्या रक्तात धुतलेले' हे आपल्या कानाला सवयीचं, नवखा माणूस बिचकतो. खरं तर अण्णांनी मला आयता धागा दिला होता. आपल्या नावावरचं कर्जखत देवाने वधस्तंभाला खिळून रद्द केलं, असं प्रेषित पौल बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रात लिहितो. पाटली सोडवायची आपली ऐपत नाही आणि दुसराच कुणी पैसे भरून ती आपल्या हातात ठेवतो! हे मी अण्णांना सांगितलं, पण दोन वर्षांनी. मधल्या काळात त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढलं, त्यांच्याकडून अभंग ऐकले.

यहुदी लोक शोमरोनी लोकांना टाळायचे, तरी विहिरीवरच्या शोमरोनी बाईकडे येशूने आधी पाणी मागितलं. तुम्हीही आधी काहीतरी मागा. निदान चहा तरी.

मात्र नुसतं गोल गोल बोलू नका. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा १५वा अध्याय काढून बघा. 'येशू चांगला गुरू होता' एवढ्यावर थांबलात तर सुवार्ता राहिलीच. पापाचा विषय निघाला की मी माझ्या दारूचं सांगतो, समोरच्याच्या घरात डोकावत नाही. कुणाच्या दैवताला नावं ठेवायची नाहीत. नोकरी, फी, आजार बरा होण्याची हमी, असलं आमिष तर मुळीच नाही.

नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, दिलात तर कुठून वाचायचं तेही सांगा. नाहीतर माणूस पहिल्याच पुस्तकाच्या, मत्तयाच्या, पहिल्या पानावर येशूच्या वंशावळीतल्या ४२ पिढ्यांत अडकतो आणि पुस्तक कपाटात जातं. कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला, आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मीही त्याच प्रवचनाला, मत्तय ५ ते ७ला, खूण घालून देतो.

अण्णांना तसंच दिलं. गळ्यात माळ आहे, वारीही चालू आहे. परवा फोन आला: "भाऊ, वैऱ्यांवर प्रीती करा म्हणतात इथे. तुम्हाला जमतं का हो?"

म्हटलं, या चहाला, खरं काय ते सांगतो.