तापाच्या गोळीपासून सुरुवात: नाशिकमध्ये औषधसंशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली सल्ला विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर 'संशोधन' म्हणजे कॅन्सरवरचा नवा रेणू असतो. त्यात वावगं काही नाही. पण सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत पहिली नोकरी लागेल, ती बहुधा ताप, खोकला, आम्लपित्त, जुलाब, खाज अशा रोजच्या दुखण्यांवरच्या औषधांवर. हे ऐकून काहींचा चेहरा उतरतो. मी स्वतः फॉर्म्युलेशन डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे औषधाची गोळी, कॅप्सूल, सिरप घडवण्याच्या कामात, आमच्या भाषेत 'एफ अँड डी'त, याच औषधांवर वाढले. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

कॅन्सरचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जातं. तापाची गोळी मात्र दुकानातून थेट घरी येते. कोणी उपाशीपोटी घेतं, कोणी चहाबरोबर, कोणी अर्धी मोडून लेकराला देतं, कोणी उन्हात तापलेल्या गाडीच्या खणात महिनोन्‌महिने ठेवतं. औषध बनवणारा आणि आजारी माणूस यांच्यामध्ये बऱ्याचदा कोणीच उभं नसतं. त्यामुळे चुकीच्या हाताळणीचा विचार आधीच करून ठेवायची जबाबदारी बनवणाऱ्यावर येते.

पॅरासिटामॉलचंच घ्या. दिसायला सर्वांत साधी गोळी, पण शिकायला इतकी चांगली दुसरी नाही. पॅरासिटामॉलचे स्फटिक दाबाखाली नीट एकमेकांना धरत नाहीत. मशिनचा दाब सुटला की ते पुन्हा ताणतात आणि गोळीची वरची चकती टोपीसारखी निघून येते. याला शॉपफ्लोअरवर 'कॅपिंग' म्हणतात. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत बहुतेक सगळं औषधच असतं, त्यामुळे इतर पदार्थ घालून सावरायला जागा फार थोडी. म्हणून स्टार्चची पेस्ट किंवा पोव्हिडोनचं द्रावण घालून ओलं ग्रॅन्युलेशन करायचं, म्हणजे भुकटीचे दाणे बांधायचे, मग एफबीडीत, म्हणजे गरम हवेच्या यंत्रात, सुकवायचं. इथे खरी परीक्षा असते. दाणे जास्त सुकले तर कॅपिंग परत येतं, ओले राहिले तर माल पंचला, म्हणजे गोळी दाबणाऱ्या ठशाला, चिकटतो. पावसाळ्यात एसी जरा कमी पडला तरी ग्रॅन्युलेशनचा माणूस हात लावून सांगतो की आज माल वेगळा लागतोय. त्याचं ऐका. मग एलओडी, म्हणजे सुकवल्यावर घटणारं वजन, काढून त्याचं म्हणणं आकड्यात पकडा.

कॅपिंग थांबवण्याचा सोपा वाटणारा उपाय म्हणजे दाब वाढवणे. गोळी कडक होते, छान दिसते, फ्रायेबिलिटी, म्हणजे गोळी किती झिजते त्याची चाचणी, उत्तम येते. आणि डिझोल्यूशनच्या चाचणीत नापास होते. डिझोल्यूशन म्हणजे ३७ अंशाच्या ९०० मिलिलिटर द्रावणात ठरलेल्या वेगाने वल्हं फिरवत ठेवायचं आणि ठरावीक मिनिटांत किती औषध विरघळलं ते मोजायचं. सहा भांडी, सहा गोळ्या. तापाने फणफणलेल्या माणसाला गोळी पोटात जाऊन अर्ध्या तासात विरघळायला हवी असते; ती किती चकचकीत आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. माल मशिनला चिकटू नये म्हणून लागणारं मॅग्नेशियम स्टिअरेट घालून मिश्रण जरा जास्त वेळ फिरवलं तरी गोळी मऊ पडते आणि विरघळणं मंदावतं, कारण ते मेणचट असतं आणि दाण्यांवर पातळ थर धरतं. कॉलेजात 'लुब्रिकंट' या शब्दाखाली आपण दोन ओळी पाठ करतो. ट्रायल बॅचवर तीच दोन-चार मिनिटं सगळं ठरवतात. ही एक गोळी नीट समजली की पुढच्या बऱ्याच गोळ्यांचं गणित सुटत जातं.

आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलमध्ये अडचण उलटी असते. औषध पोटातलं आम्ल कमी करण्यासाठी, पण त्याच आम्लात ते नासतं. म्हणून बारीक दाण्यांवर आम्लात न विरघळणारा थर चढवायचा, जो पुढे लहान आतड्यात जाऊन सुटतो. गंमत अशी की हा थर देणारा पॉलिमर स्वतःही आम्लधर्मी असतो. तो थेट औषधाला टेकला तर दाणे तपकिरी पडू लागतात. म्हणून मध्ये आणखी एक पातळ आडथर द्यावा लागतो. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला या विषयाची खरी गोडी लागली. तपासणीत हे दाणे दोन तास ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात टिकले पाहिजेत आणि मगच बफरमध्ये विरघळले पाहिजेत. आता विचार करा, घरी आजीला गिळायला त्रास होतो म्हणून कोणी ही कॅप्सूल उघडून दाणे खलबत्त्यात कुटले तर? महिनोन्‌महिन्यांचं काम एका क्षणात वाया. 'चावू नये, कुटू नये' ही ओळ पाकिटावर नीट दिसेल अशी असावी, हाही संशोधनाचाच भाग आहे असं मी मानते. त्यासाठी पॅकेजिंगच्या लोकांशी वाद घालावा लागला तर घाला.

आम्लपित्तावरच्याच रॅनिटिडिनची हकिकत प्रत्येक नवख्याने वाचावी. दशकानुदशकं वापरातलं, घराघरातलं औषध. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए ही कॅन्सरकारक असण्याची शक्यता असलेली अशुद्धी सापडली. ती साठवणीच्या काळात, उष्णतेत वाढत जाते असं दिसलं, आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिथल्या बाजारातून सगळी रॅनिटिडिन काढून घ्यायला सांगितली. औषध जुनं झालं म्हणजे त्याच्याबद्दलचे प्रश्न संपले असं होत नाही. स्टॅबिलिटी विभागात, म्हणजे औषध किती टिकतं ते पाहणाऱ्या विभागात, बदली झाली की मुलं नाराज होतात. चेंबरमधून नमुने काढायचे, तपासायचे, नोंदवायचे, एवढंच काम वाटतं. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवलेल्या नमुन्याचे आकडे पाहायला शिका. बाहेरच्या जगात पुढची दोन वर्षं काय होणार, याचा पहिला इशारा तिथे मिळतो.

जुलाबावरचं ओआरएस हा माझा सर्वांत आवडता विषय. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या भिंतीतून जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून ओढलं जातं. सगळा उपचार या एका गोष्टीवर उभा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा बंगालमधल्या बनगाव इथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनची वाट न पाहता हे द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले. पण औषधनिर्मितीच्या माणसाला यापुढची गोष्टही तितकीच महत्त्वाची वाटायला हवी. सुरुवातीच्या पाकिटांत सोडियम बायकार्बोनेट होतं. दमट हवेत ते ग्लुकोजशी नीट नांदत नसे. पूड रंग बदलायची, गोळे व्हायचे. १९८४ मध्ये त्याच्या जागी ट्रायसोडियम सायट्रेट आलं आणि पाकीट टिकाऊ झालं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने द्रावणाची तीव्रता ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलवर आणली. आजचं सूत्र एका लिटरला असं: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. एकूण २०.५ ग्रॅम.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यातली एक गोष्ट ध्यानात घ्या: साखर जास्त झाली की पाणी आत येण्याऐवजी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून 'ओआरएस' नाव लावून विकली जाणारी गोड पेयं मला कधीच सहन झाली नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला बंदी केली, हे फार चांगलं झालं. एफ अँड डीत ओआरएसचं काम आलं तर हलकं समजू नका. पाकिटाच्या फॉइलला सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी पावसाळ्यात आतली पूड दगड होते.

खोकल्याकडे येताना थोडं आपल्या परसात डोकावू. अडुळसा नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला कोणालाही ओळखता येतो, आणि त्याचा काढा न प्यायलेलं मराठी मूल विरळाच. त्यातलं व्हॅसिसिन हे अल्कलॉइड आदर्श धरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्झिन तयार केलं, जे कफ पातळ करतं. ब्रोमहेक्झिनचं शरीरात जे रूपांतर होतं, तेच ॲम्ब्रॉक्सॉल म्हणून आज वेगळं विकलं जातं. वनस्पतींवर प्रोजेक्ट करू इच्छिणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते: पाल्याचा अर्क काढून 'गुणकारी आहे' असं लिहिणं सोपं, त्यातला नेमका घटक शोधून तो प्रत्येक बॅचमध्ये सारखा आणणं हे संशोधन.

सिरपबद्दल मात्र मला कठोरपणे बोलायचं आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये ग्लिसरॉलमध्ये (म्हणजेच ग्लिसरीनमध्ये) डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलं गेल्यामुळे १४ रुग्ण दगावले आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. २०२२ मध्ये गांबियात आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे सिरप पिऊन लहान मुलं दगावली, तेव्हाही संशयाच्या केंद्रस्थानी तेच विष होतं. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल यांचं पिंप आलं की डायइथिलीन ग्लायकॉलची तपासणी झाल्याशिवाय ते वापरायचं नसतं. ग्लिसरीनमध्ये त्याची मर्यादा फक्त ०.१ टक्के आहे. पुरवठादाराचं प्रमाणपत्र सोबत आलं म्हणून ही तपासणी टाळता येत नाही. तुम्ही क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, ट्रेनी असाल आणि कोणी म्हणालं, 'नेहमीचीच पार्टी आहे, सही कर,' तर सही करू नका. नोकरी दुसरी मिळेल.

यातूनच नोंदींचा विषय येतो. पहिले काही महिने तुम्हाला एसओपी, म्हणजे कामाच्या लेखी पद्धती, वाचायला, काचसामान धुवायला, वजनकाटा आणि पीएच मीटर कॅलिब्रेट करायला लावतील. कंटाळा येईल. तरी हे मन लावून शिका. आकडा जसा दिसला तसा, दिसला त्याच वेळी, पेनाने लिहायचा. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, मनासारखा पीक आला नाही म्हणून तो रन पुसून पुन्हा चालवायचा नसतो. मर्यादेबाहेरच्या निकालाची रीतसर चौकशी होते. मी ज्यांच्याकडे शिकले त्या मॅडम वहीतली फसलेली बॅच आधी वाचायच्या, जमलेली नंतर.

आता वाटेबद्दल थोडक्यात. बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन चार वर्षांचं बी. फार्म, किंवा दोन वर्षांचं डी. फार्म करून पुढे बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. एक गोंधळ नेहमी होतो: आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच म्हसरूळला आहे, म्हणून फार्मसीही त्याच्याकडेच असं मुलांना वाटतं, प्रत्यक्षात इथली बहुतेक बी. फार्म कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. एफ अँड डीत जायचं तर एम. फार्म, तेही फार्मास्युटिक्समध्ये, केलेलं बरं. त्यासाठी जीपॅट ही प्रवेशपरीक्षा द्या. पात्र ठरून मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश घेतला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. केमिस्ट्रीत बी. एस्सी. किंवा एम. एस्सी. झालेल्यांनी हिरमुसू नये. क्यूसी आणि ॲनालिटिकल डेव्हलपमेंटमध्ये त्यांना चांगली मागणी असते, आणि विश्लेषण पक्कं असलेला माणूस पुढे संशोधनात फार लवकर वर येतो.

प्रोजेक्टसाठी विषय निवडताना एकदा गोळे कॉलनीत जाऊन या. औषधांच्या घाऊक दुकानांत दुपारी गर्दी कमी असते. ओळखीने एखाद्या दुकानात बसा आणि कोणता माल परत येतो ते पाहा: विरघळलेल्या जेलच्या कॅप्सूल, तळाशी घट्ट बसलेलं सस्पेन्शन, स्ट्रिपमध्येच तुटलेल्या गोळ्या. प्रत्येक परत आलेल्या खोक्यात एक प्रोजेक्ट दडलेला आहे. लहान मुलांचं पॅरासिटामॉल सस्पेन्शन बाटली हलवल्यावर किती वेळ एकसारखं राहतं, म्हणजे पहिल्या चमच्यात आणि शेवटच्या चमच्यात सारखं औषध जातं का, एवढाच प्रश्न घेतला तरी एक सेमिस्टर कमी पडेल. कॉलेजच्या लॅबमध्ये यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावणातलं औषध प्रकाशाने मोजणारं यंत्र, असतोच. तेवढ्यावर हे काम होतं.

मुलाखतीला जाताना प्रोजेक्टची छापील प्रत न्या, पण हाताने लिहिलेली मूळ वहीही सोबत ठेवा. आम्ही समोर बसतो तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: कोणती ट्रायल फसली, आणि पुढच्या ट्रायलमध्ये तुम्ही काय बदललंत? एका वेळी एकच गोष्ट बदलली होती का, हे आम्ही वहीत पाहतो.