रेडिस स्लो वाटतोय? रेडिस-सीएलआयमधले आकडे दोनदा बघा

ॲप स्लो झालं की बरेच जण पहिलं काम काय करतात तर सर्व्हर रीस्टार्ट. प्लीज करू नका, कारण रीस्टार्ट केला की रेडिसने (डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस, ॲपसाठी कॅश म्हणून वापरतात तो) आत मोजून ठेवलेले सगळे आकडे शून्य होतात आणि मग नेमकं काय झालं होतं ते कळायला काही उरतच नाही. त्याआधी पाच मिनिटं टर्मिनलवर घालवा. वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाहीये, रेडिससोबत रेडिस-सीएलआय, म्हणजे टर्मिनलवरून रेडिसला कमांड द्यायचं टूल, येतोच.

लोकल मशीन असेल तर नुसतं रेडिस-सीएलआय टाइप केलं तरी तो 6379 पोर्टवर कनेक्ट होतो. लांबच्या सर्व्हरसाठी -एच देऊन होस्ट आणि -पी देऊन पोर्ट. पासवर्ड -ए लावून कमांडमध्येच देऊ नका, तो शेलच्या हिस्टरीत राहतो, त्यापेक्षा रेडिससीएलआय_ऑथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा.

सुरुवात रेडिस-सीएलआय --स्टॅट ने करा. दर सेकंदाला एक ओळ येते, त्यात किती कीज (म्हणजे साठवलेल्या नोंदींची नावं), किती मेमरी, किती क्लायंट आणि एकूण रिक्वेस्ट, आणि रिक्वेस्टच्या पुढे कंसात आधीच्या ओळीपेक्षा किती वाढल्या तो आकडा. मी तर तो कंसच बघत बसतो, लोड कधी चढतो ते तिथेच दिसतं.

मग इन्फो कमांड. नुसती इन्फो दिली तर भलीमोठी यादी येते, म्हणून सेक्शनचं नाव द्या, म्हणजे इन्फो स्टॅट्स, इन्फो मेमरी, इन्फो कीस्पेस असं. स्टॅट्समध्ये कीस्पेस_हिट्स (मागितलेली की सापडली) आणि कीस्पेस_मिसेस (सापडली नाही) हे दोन शोधा. हिट्सला दोन्हीच्या बेरजेने भागलं की हिट रेशो मिळतो, पण इथेच घोळ होतो. हे आकडे सर्व्हर चालू झाल्यापासूनचे असतात. समजा हिट्स 9,40,00,000 आणि मिसेस 60,00,000, म्हणजे 94 टक्के, बघून वाटतं कॅश एकदम मस्त चाललाय. आता दहा मिनिटांनी परत तीच कमांड द्या आणि फक्त फरक काढा. हिट्स 30,000 ने वाढले आणि मिसेस 20,000 ने वाढले असतील तर या दहा मिनिटांचा रेशो 60 टक्केच आहे! आमच्याकडे असंच झालेलं, जुन्या चांगल्या महिन्यांखाली आजचा त्रास झाकला गेलेला आणि आम्ही दोन दिवस ॲपचा कोड चाळत बसलो. म्हणून एकदा बघून काहीही ठरवू नका. कॉन्फिग रीसेटस्टॅट दिली तर हे काउंटर शून्यावर येतात, पण टीममधल्या कोणाचा डॅशबोर्ड त्यावर चालत असेल तर आधी विचारा.

मिसेस वाढतायत म्हटल्यावर त्याच सेक्शनमधलं इव्हिक्टेड_कीज बघा. तो वाढत असेल तर मेमरी भरलीये आणि रेडिस स्वतःच कीज काढून टाकतोय. आता इन्फो कीस्पेस द्या, त्यात कीज आणि एक्स्पायर्स असे दोन आकडे येतात, दुसरा आकडा म्हणजे ज्यांना मुदत लावलीये त्या कीज. दोघांत खूप फरक असेल तर कोणीतरी एक्स्पायरी न लावता डेटा टाकतंय, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दुखणं हेच निघतं.

जागा कोण खातंय ते --बिगकीज सांगतं, मेमरीच्या हिशोबाने हवं असेल तर --मेमकीज. दोन्ही आतून स्कॅन, म्हणजे थोड्या थोड्या कीज वाचत जाणारी कमांड, वापरतात त्यामुळे लाइव्ह सर्व्हरवर चालतं. कीज * (सगळ्या कीजची यादी देणारी कमांड) मात्र लाइव्हवर कधीच नाही, ती संपेपर्यंत बाकी सगळ्या कमांड थांबून राहतात. मॉनिटर (येणारी प्रत्येक कमांड लाइव्ह दाखवणारी) पण जपून, त्याने वेग निम्म्याहून खाली जाऊ शकतो.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी स्लो असेल तर स्लोलॉग गेट 10, म्हणजे जास्त वेळ घेतलेल्या कमांडच्या नोंदी बघा. डिफॉल्टला 10,000 मायक्रोसेकंद, म्हणजे 10 मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेतलेल्या कमांड त्यात येतात, प्रत्येक नोंदीतला तिसरा आकडा म्हणजे लागलेला वेळ. पण त्यात फक्त कमांड चालायचा वेळ मोजतात, नेटवर्कचा नाही. म्हणून स्लोलॉग रिकामा दिसला तर ॲप जिथे चालतं त्या मशीनवरून रेडिस-सीएलआय --लेटन्सी चालवा, सर्व्हरच्या होस्टचं नाव देऊन. तिथे सरासरी वेळ मोठा आला तर मधल्या नेटवर्ककडे वळा.