रोमानियन पर्यावरण अहवाल इंग्रजीच्या भरवशावर वाचताना या चुका टाळा

रोमानियनमध्ये पाणथळ जागेला काय म्हणतात हे माहीत नसलं की माणूस कोश उघडतो, त्यामुळे तिथे सहसा चूक होत नाही. चूक होते ती शब्द इंग्रजीसारखा दिसतो आणि कोश उघडावासाच वाटत नाही तिथे. रोमानियन ही लॅटिनची लेक आणि इंग्रजीनेही लॅटिन-फ्रेंचकडून भरपूर उसनवारी केलेली, म्हणून असे फसवे शब्द पानोपानी भेटतात. भाषांतराचं सॉफ्टवेअर सलग वाक्यात बरंच सांभाळून घेतं. तक्त्यात किंवा नकाशावर सुटा शब्द आला की मात्र तेही घसरतं.

'स्तेरिल' म्हणजे निर्जंतुक नव्हे

30 जानेवारी 2000 रोजी रोमानियातल्या बाया मारे शहराजवळ सोनं काढणाऱ्या प्रकल्पाचा बांध फुटला. सुमारे 1 लाख घनमीटर सायनाइडमिश्रित पाणी सोमेश आणि टिसा या नद्यांतून थेट डॅन्यूबपर्यंत पोचलं. या दुर्घटनेबद्दल रोमानियनमध्ये काहीही वाचायला घ्या, 'इयाज दे देकांतारे', म्हणजे गाळ खाली बसवण्याचं तळं, आणि 'स्तेरिल' हे शब्द भेटणारच. एरवी स्तेरिलचा अर्थ निर्जंतुक किंवा वांझ असा होतो, पण खाणवाल्यांच्या बोलीत स्तेरिल म्हणजे धातू काढून घेतल्यावर उरलेला टाकाऊ माल. मग 'स्तेरिलचं तळं' हे निरुपद्रवी वाटणारं भाषांतर होतं आणि विषारी गाळाचा साठा वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. शेजारचा शब्द पाहायची सवय लावा. 'इयाज', म्हणजे तळं, असेल तर इंग्रजीत ज्याला टेलिंग्ज म्हणतात तो बारीक गाळ. 'हाल्दा', म्हणजे ढीग, असेल तर बहुधा दगडधोंड्यांचा टाकाऊ डोंगर. रोशिया पोयेन तांबेखाणीच्या गाळाखाली जामना हे अख्खं गाव बुडालं, तो गाळही स्तेरिलच.

'एक्सप्लोआतारे' या शब्दावरूनही गडबड होते. त्यात शोषणाचा आरोप असेलच असं नाही; 'एक्सप्लोआतारे मिनिएरा' म्हणजे सरळ खाण.

पेट्रोलपंपावर पेत्रोल मिळत नाही

इथे मराठी वाचक जास्तच फसतो, कारण पेट्रोल हा आपल्या रोजच्या तोंडातला शब्द. रोमानियनमधलं 'पेत्रोल' म्हणजे जमिनीतून निघणारं कच्चं तेल. हा देश तेलाच्या धंद्यातला जुना खेळाडू आहे. 1857 मध्येच बुखारेस्टचे रस्ते केरोसिनच्या दिव्यांनी उजळले होते. गाडीत भरतात ती 'बेन्झिना', आणि डिझेलला म्हणतात 'मोतोरिना'.

खरा धोका पुढे आहे. बेन्झिना पाहून कोणी बेन्झिन लिहिलं की इंधनाच्या जागी कर्करोगकारक रसायन येऊन बसतं. त्या रसायनाचं रोमानियन नाव 'बेन्झेन'. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशात हवेतल्या बेन्झेनची मर्यादा घनमीटरला वार्षिक सरासरी 5 मायक्रोग्रॅम आहे. इंधनगळतीच्या बातमीत हे दोन शब्द एकमेकांत मिसळले तर बातमीच बदलते.

हवेच्याच प्रकरणात 'नॉक्से' येतं. हे नायट्रोजन ऑक्साइडचं नॉक्स नव्हे. नॉक्से म्हणजे सगळेच घातक प्रदूषक, आणि बोलण्यात बहुतेकदा गाडीचा धूर. नायट्रोजनला रोमानियनमध्ये 'आझोत' म्हणतात. 'पुल्बेर इन सुस्पेन्सिये' म्हणजे पीएम 10 किंवा पीएम 2.5 चे सूक्ष्म कण, त्यांना भुकटी म्हणू नका. धूर बाहेर पडतो ती 'एमिसिये'. 'एमिसिउने' हा सहसा टीव्हीवरचा कार्यक्रम असतो. ही गफलत खुद्द रोमानियन माणसंही करतात, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.

तीन परवानग्या, एकच इंग्रजी शब्द

इंग्रजीत सगळ्यालाच परमिट म्हणून मोकळं होतात आणि मग प्रकल्प नेमका कुठे अडलाय तेच कळत नाही. 'आविझ दे मेद्यू' हे आराखडे आणि धोरणांसाठी असतं. 'आकोर्द दे मेद्यू' प्रकल्प उभारण्याआधी घ्यावं लागतं. 'आउतोरिझात्सिये दे मेद्यू' हा उभा राहिलेला उद्योग चालवण्याचा परवाना. आकोर्द पाहून 'करार झाला' असं लिहिलेलं मी वाचलंय. करार कोणाशी, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलाच नव्हता. अशा वेळी मूळ शब्द तसाच ठेवावा आणि एका ओळीत समजावून द्यावा, हे माझं ठाम मत. तसंच 'एव्हेंतुआल' म्हणजे 'शेवटी' नव्हे, 'संभाव्य'. संभाव्य गळती ही झालेली गळती नसते.

आकडा हजारपटीने चुकला तर

रोमानियनमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब. डॅन्यूबच्या त्रिभुज प्रदेशातल्या राखीव जीवावरणाचं क्षेत्र 5.800 चौरस किलोमीटर असं छापलेलं दिसेल. ते पावणेसहाच्या आसपास नसून पाच हजार आठशे आहे. 'मिलिआर्द' म्हणजे आपला अब्ज. 'बिलिओन' मात्र इंग्रजी बिलियनच्या हजारपट, म्हणजे एक लाख कोटी.

शोधलेला शब्द सापडतच नसेल तर

जुन्या पीडीएफमध्ये 'देशेउर', म्हणजे कचरा, शोधला आणि शून्य निकाल आला, तर तो शब्द तिथे नाही असं लगेच समजू नका. रोमानियन 'श' साठी एस अक्षराखाली स्वल्पविराम असतो, पण जुन्या संगणकांवर त्याऐवजी तुर्की धाटणीची शेपटी टाइप केली जायची. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला नाहीत. त्याच फाइलमधून शब्द कॉपी करून शोधा, किंवा ते अक्षर वगळून शब्दाचा उरलेला तुकडाच टाका.