‘साताराला’ जाणारी बस

अप्लाइड आर्ट करून मी पुण्यातल्या एका छोट्या डिझाइन स्टुडिओत लागले, त्याला आता सहा वर्षं झाली. आम्ही पाच जण आहोत: तीन डिझायनर, एक डेव्हलपर आणि एक लिहिणारी. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलंमुली भेटतात तेव्हा ‘कोणतं सॉफ्टवेअर शिकू?’ हाच प्रश्न पहिला येतो. फिग्मा, म्हणजे अ‍ॅपचे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर, शिका; रोज बसलात तर महिना-दोन महिन्यांत हात बसतो. पण स्क्रीनवरचे शब्द कोण लिहिणार आणि कधी, हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. माझं पहिलं मोठं काम अडलं ते नेमकं तिथेच.

एका खाजगी बससेवेचं तिकीट-बुकिंगचं अ‍ॅप होतं. प्रवासी बहुतेक पश्चिम महाराष्ट्रातले. मी सगळे स्क्रीन इंग्रजीत काढले, ग्राहकाने पसंत केले, आणि मराठी शेवटी भरू असं मी ठरवलं. लिहिणारीने वाक्यांची यादी भाषांतर करून दिली, डेव्हलपरने ती कोडमध्ये बसवली. पहिल्या चाचणीत फोन उघडला तर वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘पुणेहून साताराला जाणाऱ्या बस’.

तिघांपैकी एकाचंही काम चुकलेलं नव्हतं. इंग्रजीत ‘टू’ लिहिलं की पुढे कोणतंही गाव ठेवता येतं. मराठीत प्रत्यय लागण्याआधी नावाचं सामान्यरूप होतं. पुणे असेल तर पुण्याहून, सातारा असेल तर साताऱ्याला. नाशिक आणि सांगली मात्र जशीच्या तशी राहतात. म्हणजे वाक्यात एक रिकामी जागा सोडून तिथे गाव भरायचं, हा कोडमधला साधा मार्ग इथे बंद. आमचा डेव्हलपर हैदराबादचा, घरी तेलुगू बोलणारा. मला वाटलं होतं त्याला हे समजावताना दिवस जाईल. तो म्हणाला, “आमच्याकडेही असंच आहे. घर म्हणजे इल्लु, पण घराला म्हणायचं तर इंटिकि.” ही गोष्ट मी त्याला पहिल्या दिवशी विचारली असती, तर तीन आठवड्यांचं काम वाचलं असतं.

मग आम्ही तिघं एका टेबलाशी बसलो. प्रत्येक गावाची सगळी रूपं भरून ठेवावीत, असा एक विचार निघाला. पण थांबे शेकड्यांनी, नवे वाढत जाणारे; ती यादी कोण सांभाळणार? ‘पुणे येथून सातारा येथे’ व्याकरणात बसत होतं, पण वाचताना सरकारी नोटिशीसारखं वाटत होतं. शेवटी लिहिणारीला एसटीची पाटी आठवली. ‘पुणे – सातारा’. पाटीवर प्रत्यय नसतोच, आणि ती वाचताना कुणी अडत नाही. आम्ही वाक्यच काढून टाकलं. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ असे दोन रकाने केले आणि त्यांच्याखाली गावाचं मूळ नाव ठेवलं. एका दुपारी सुटलं. मी एकटी त्यावर बसले असते तर फक्त अक्षरांचा आकार बदलत राहिले असते.

तसंच लिंगाचं. तिकीट रद्द झालं, सीट रद्द झाली, प्रवास रद्द झाला. एकच साचा तिन्हीला लावला की कुठेतरी फसतो, म्हणून आता आम्ही असे संदेश पूर्ण वाक्यं म्हणून वेगवेगळे लिहितो.

अक्षरांच्या बाबतीतही कॉलेजमध्ये शिकलेलं थोडं बाजूला ठेवावं लागतं. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे मथळा उठून दिसण्यासाठी वजन, म्हणजे अक्षराची जाडी, आणि आकार यांवरच भिस्त. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. बटणाची उंची इंग्रजीवर बेतली असेल तर ‘पूर्ण’मधला रफार किंवा खालचा ऊकार कापला जातो, म्हणून ओळींमध्ये जास्त जागा सोडा. फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला ‘मुक्ता’ वापरून बघा, तो मोफत आहे. आणखी एक बारकावा आहे: पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवली तर काही फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. ही नोंद डेव्हलपर करतो. तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत तर तुमचा ल परका दिसणार.

फिग्मात सगळे एकाच फाइलमध्ये असतात, एकमेकांचे कर्सर फिरताना दिसतात. नव्या माणसाला त्याचं दडपण येतं. मीही सुरुवातीला वेगळ्या फाइलमध्ये लपून काम करायचे आणि पक्कं झालं की दाखवायचे. तेव्हा मिळणारा शेरा नेहमी उशिराचा असायचा. आता आमच्याकडे कच्चं काम त्याच संध्याकाळी डेव्हलपरला दाखवायचं असतं, खरा मजकूर भरून. शेरा देणाऱ्याने कारण लिहायचं. ‘आवडलं नाही’ एवढंच चालत नाही.

आणि बाहेर पडा. त्याच अ‍ॅपमध्ये मी तारखेखालची सूचना फिक्या करड्या रंगात ठेवली होती. मॉनिटरवर ती फार नाजूक, सुंदर दिसायची. स्वारगेटला भर दुपारी एका आजोबांच्या हातात फोन दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, “ताई, इथं काही लिहिलंय का?” मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, निदान 4.5 : 1 हवा, हा वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतला आकडा मला पाठ होता. त्या उन्हात तो पहिल्यांदा कळला. बोटाने दाबायच्या जागेचंही तसंच: अँड्रॉइडसाठी निदान 48 डीपी आणि आयफोनसाठी 44 पॉइंट (दोन्ही स्क्रीनवरची मापं) सांगतात, पण हलत्या गाडीत एका हाताने दाबून बघितल्याशिवाय त्याची गरज पटत नाही.

आमच्याकडे कामासाठी येणार असाल तर पोर्टफोलिओत सोडून दिलेले पर्यायही ठेवा, का सोडले ते लिहा, आणि कुठलं काम तुमचं, कुठलं सोबत्याचं, हे स्पष्ट सांगा. एखादा स्क्रीन मराठीत पूर्ण केलेला असू द्या. आम्ही तो दोन-तीन हजारांच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर, गॅलरीत उन्हात उभं राहून उघडतो.